हॉस्टेलचा थोरला

त्याला धड नाव नाही. पेनड्राइव्हवरून आला तेव्हा तो 'रेझ्युमे न्यू' होता, पुढे 'फायनल' झाला, मग 'फायनल २', आणि हल्ली व्हॉट्सॲपवर 'सीनियरचा फॉरमॅट' म्हणून फिरतो. पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलात प्लेसमेंटची नोटीस लागली, की कुणीतरी वरच्या मजल्यावर जाऊन विचारतंच, "दादा, फॉरमॅट आहे का हो?" दादा पाठवतो. दादालाही तो त्याच्या दादानंच दिलेला असतो.

वय तो सांगत नाही, पण लपतही नाही. 'ऑपरेटिंग सिस्टिम्स'पुढे तो अजून विंडोज एक्सपी लिहितो. त्या एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टनं एप्रिल २०१४ मध्येच थांबवली. विद्यापीठाचं नाव तो नुसतं 'पुणे विद्यापीठ' असं लावतो. त्याला सावित्रीबाई फुल्यांचं नाव मिळालं तेही २०१४ मध्येच. अंगावर टाइम्स न्यू रोमन, आणि मध्येच दोन ओळी कॅलिब्रीत. त्या नंतर कुणीतरी चिकटवलेल्या. फाइलच्या प्रॉपर्टीज उघडून पाहिल्या तर 'ऑथर'समोर कुणा एका मुलाचं नाव दिसतं. तो कधीच पास होऊन गेला, पण अख्ख्या बॅचच्या रेझ्युमेंचा लेखक अजून तोच आहे.

बोलायला थोरला मोठा सभ्य. सुरुवातीलाच तो ऑब्जेक्टिव्ह सांगतो: आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या आणि स्वतःच्या प्रगतीला हातभार लावायचाय. मेकॅनिकलच्या पोराला हेच हवं असतं, कॉम्प्युटरच्या पोरीलाही हेच. मधे प्रोजेक्ट येतो, बहुतेक वेळा 'ऑनलाइन लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम'. मग छंद: वाचन, संगीत, क्रिकेट. शेवटी वडिलांचं नाव, जन्मतारीख, अविवाहित. रास आणि नाडी तेवढी राहिली, नाहीतर हाच कागद स्थळ बघायलाही चालला असता. सगळ्यात खाली प्रतिज्ञा, वरील माहिती खरी असल्याची. तिच्याखाली 'स्थळ: पुणे' आणि मागच्या वर्षीची तारीख.

एका बाबतीत मात्र तो कुणाची भीडभाड ठेवत नाही. दहावी, बारावी, डिग्री, असा मार्कांचा तक्ता तो ठसठशीत रेघा मारून मांडतो. बऱ्याच मोठ्या आयटी कंपन्या तिन्ही ठिकाणी ६० टक्के मागतात, शिवाय चालू केटी नको. एआयसीटीईच्या सूत्रानं सीजीपीएतून ०.७५ वजा करून दहानं गुणायचं, म्हणजे ६.७५ ला साठ टक्के होतात. ६.७ वाला मुलगा रात्री दोनदा कॅल्क्युलेटरवर करून बघतो. उत्तर बदलत नाही. गंमत म्हणजे, थोरल्याला ज्याचा एवढा अभिमान तो तक्ताच कधीकधी त्याला गोत्यात आणतो. अनेक कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं, आणि रकान्यांत आणि चौकटींत कोंबलेला मजकूर काही सॉफ्टवेअरना नीट लागत नाही. साल एकीकडे जातं, टक्के दुसरीकडे.

पण त्याचा खरा दोष वेगळाच आहे. त्याला विचारायची सवय नाही. निफाडकडचा एक मुलगा त्याच्यात स्वतःला भरत बसला होता. घरची द्राक्षबाग, माल युरोपला जाणारा. म्हणजे प्रत्येक फवारणीची नोंद हवी, आणि शेवटची फवारणी व काढणी यांत त्या त्या औषधाला ठरवून दिलेले दिवस जायला हवेत. नाहीतर रेसिड्यू तपासणीत माल नापास. या मुलानं वडिलांच्या आणि दोन चुलत्यांच्या प्लॉटसाठी एक्सेलची शीट केली होती. औषधाचं नाव आणि तारीख टाकली की काढणी कधीपासून चालेल ते दिसायचं, आणि त्याआधीची तारीख टाकली तर खाना लाल व्हायचा. काकांना इंग्रजी अडतं म्हणून औषधांची नावं देवनागरीत. ही शीट कुठे लिहायची? थोरल्याकडे तिला जागाच नव्हती. 'ऑनलाइन लायब्ररी' मात्र तयार होती, ग्रुपमधल्या चौघांची, त्यातलं कोडिंग एकट्यानं केलेलं.

थोरल्याला अलीकडे एक प्रतिस्पर्धी आलाय, कॅनव्हावरचा. डावीकडे निळी पट्टी, गोलात फोटो, आणि कौशल्यांच्या दांड्या: जावा ८० टक्के, पायथन ७०. दिसायला देखणा, पण माझं मत त्याच्याबद्दल फारसं बरं नाही. थोरला निदान मोघम बोलतो. हा आकड्यात फेकतो. 'उरलेलं वीस टक्के जावा कुठलं येत नाही?' असं समोरच्यानं विचारलं की निळी पट्टी मदतीला येत नाही.

मुलाखतीच्या दिवशी थोरला बाँड पेपरवर छापला जातो, तीन प्रती, आणि बटणाच्या पारदर्शक फोल्डरमध्ये जाऊन बसतो. टीपीओ सर शेवटच्या सूचना देत असतात: शर्ट खोचा, 'मायसेल्फ अमुकतमुक' असं सुरू करू नका. आत गेल्यावर थोरला टेबलावर पालथा पडतो आणि मुलगा एकटा उरतो. तयारी म्हणून पाठ केलेलं दीड मिनिटात संपतं. मग समोरचा माणूस कागद उलटून बोट ठेवतो, ते नेमकं 'वाचन'वर. शेवटचं काय वाचलंत?

निफाडच्या पोरावरही तीच वेळ आली. वाचन दादांचं होतं, त्याचं नव्हतं. तो म्हणाला, "सर, वाचन तसं नाही होत, सुट्टीत बागेत असतो." मग बागेत काय करता, असं विचारलं गेलं. पुढची वीस मिनिटं लाल खान्यावर बोलणं झालं: अट कशी लिहिली, चुकीची तारीख पडली तर काय, दोन औषधं एकत्र मारली तर कुठले दिवस धरायचे. शेवटच्या प्रश्नाला त्याचं उत्तर तयार होतं, कारण काकांनी तो आधीच विचारला होता: ज्याचे दिवस जास्त, ते धरायचे.

निकाल लागायच्या आधीच खालच्या वर्गातल्या एकानं फॉरमॅट मागितला. यानं पाठवण्यापूर्वी लॅपटॉप उघडून एक्सपी काढलं, छंद काढले, ऑब्जेक्टिव्ह काढलं आणि प्रोजेक्टखाली एक ओळ घातली: 'तू स्वतः काय केलंस ते इथे.' प्रतिज्ञेवर येऊन थांबला. रूममेट म्हणाला, "ती राहू दे रे. सही कुठे करणार मग?" ती राहिली.