थापटण्याचा आवाज

हिंगोलीहून नर्सीला निघालो तेव्हा उन्हाळा तोंडावर आला होता, कयाधूचं पात्र आटत चाललं होतं. १२७० साली जन्मलेल्या संत नामदेवांचं हे गाव. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, त्यामुळे पंजाबातले भाविकही नर्सीला येतात. देवळात माथा टेकवला आणि कुंभाराचं घर विचारत निघालो. नामदेवांची परीक्षा घेतली ती तेरच्या गोरोबाकाकांनी, एका कुंभारानेच.

अंगणात कुंभारकाका अर्धा झालेला माठ मांडीवर घेऊन बसले होते. चाकावर गळा नि खांदा होतो. खालचा भाग जाडच राहतो. डाव्या हाताने आतून दगडी गोळा लावायचा, बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकायचं. थप, थप, थप. माठ फुगत जातो, भिंत पातळ होते. काका बोलत होते माझ्याशी, कान मात्र माठाकडे. “आवाज बदलला की हात थांबवायचा,” ते म्हणाले.

माती चाळून, तिच्यात लीद नि राख घालून मळायचं काम घरच्या मावशींचं. भाजताना लीद जळून जाते, बारीक छिद्रं उरतात, त्यांतून पाणी पाझरतं आणि माठ गार राहतो. मावशींचे हात पाहताना दूरची एक कुंभारीण आठवली.

अ‍ॅरिझोनातल्या होपी आदिवासींच्या मुलखात, हानो गावी, तेवा जमातीची नाम्पेयो ही कुंभारीण होऊन गेली. चाक नाही, मातीच्या वळ्या एकीवर एक रचून ती भांडी घडवायची. सिक्याट्की या उजाड गावाच्या जुन्या खापरांवरची नक्षी तिने पुन्हा जिवंत केली. १९४२ साली ती गेली; तिची भांडी आज संग्रहालयांत तिच्या नावानिशी मांडलेली आहेत. आमच्या काका-मावशींचे माठ घरोघरी पाणी गार करतात, पण घडवणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही. ते विचारायला हवं.

निघताना मावशींनी वाळताना तडकलेलं एक मडकं उचललं आणि पाण्यात सोडलं. “भाजलेलं फुटलं तर खापर. कच्चं भिजलं की पुन्हा माती.”

गोरोबांनी संतांच्या डोक्यांवर थापटणं मारून पाहिलं, नामदेव चिडले आणि कच्चं मडकं ठरले, अशी कथा आहे. कीर्तनात तो शेरा बोचतो. या अंगणात कळतं, कुंभार कच्च्याला टाकून देत नाही. कच्चं आहे तोवरच ते घडवता येतं.

नामदेव पुढे औंढा नागनाथला गुरू विसोबा खेचरांकडे गेले. मीही औंढ्याचा रस्ता धरला. विसोबांनी त्यांना पक्कं केलं खरं. पण हे मडकं अजून आव्यात, भट्टीत, गेलेलं नाही, हे आधी ओळखलं ते कुंभाराच्या कानाने.