स्लॅब गळतोय

2020 चा जून. लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झाल्याचे फोटो मोबाइलवर फिरत होते आणि मी चिखलीच्या घरी दोन स्लॅबांच्या मध्ये अडकलो होतो. एक डोक्यावरचा, पहिल्याच पावसात ठिबकणारा. दुसरा लिनक्स कर्नलमधला. ठराविक मापाच्या वस्तूंसाठी कर्नल मेमरीचे तुकडे पाडून ठेवतो, त्या व्यवस्थेलाही स्लॅबच म्हणतात.

आमचा 16 जीबीचा एक सर्व्हर दर आठवड्याला गुदमरायचा. मेमरी संपली की कर्नल एखादा प्रोग्राम मारून जागा करतो. दर वेळी बळी जायचा निरपराध डेटाबेसचा. सगळ्या प्रोग्रामांची बेरीज केली तर निम्मी मेमरीही भरत नव्हती. प्रोग्रामने घेतलेलं उसनं तो मेल्यावर कर्नल वसूल करतो. कर्नलने स्वतःच घेतलेलं कोण वसूल करणार? गळती हा शब्दही फसवाच. मेमरी कुठे जात नाही, लोणारसारखी साचते. आत धार आहे, बाहेर ओढा नाही. तिथे निदान ऊन पाणी उडवून नेतं, इथे रीबूटच हवा.

कर्नलच्या स्लॅबांचा हिशेब दाखवणाऱ्या स्लॅबटॉपमध्ये सगळ्यात वर केमॅलॉक-64 होतं, म्हणजे 64 बाइटच्या तुकड्यांचा साठा, रोज जीबीभर फुगणारा. आधी मी एनएफएसच्या आयनोड कॅशला धरलं. दूरच्या सर्व्हरवरच्या फायली आपल्याच डिस्कवर असल्यासारख्या दाखवायच्या, तर तो फुगणारच. पण रिकामा हो म्हटल्यावर मुकाट ओसरला. 64 बाइटवाले हलेनात.

मिस्त्री आले. मी भिंतीवरचा डाग दाखवला, तर ते तिकडे बघेचनात. "जिथं ओल दिसते ना भाऊ, तिथं भेग नसते." गच्चीवर मातीचे छोटे बांध घालून एकेका चौकोनात पाणी कोंडलं आणि कुठल्या चौकोनाखाली ठिबकतं ते बघायला खाली मला उभं केलं.

मग मीही चौकोन पाडले. लाख वेळा फक्त वाचायचं, आकडा बघायचा. लाख वेळा लिहायचं, पुसायचं, लॉक लावायचं. सगळं कोरडं. शेवटी परवानगी नसलेली फाइल लाख वेळा उघडू पाहिली: लाख नकार, लाख नवे तुकडे. ज्याचा पत्ता मेमरीत कुठेच उरला नाही असा तुकडा शोधणारा केमेमलीक 2009 पासून कर्नलमध्ये आहे. तो तुकडा कुणी घेतला, हे त्याने नेमकं छापलं. आम्हीच बदललेल्या एनएफएस क्लायंटमधलं एक फंक्शन होतं ते. सर्व्हरने नाही म्हटलं की ते तडक परतायचं, वाटेतली सफाई गाळून. आणि एक देखरेखीची स्क्रिप्ट सेकंदाला 200 वेळा तेच दार ठोठावत होती. 200 गुणिले 64 बाइट, दिवसाला 1.1 जीबी.

रिटर्नच्या जागी सफाईच्या ओळींकडे उडी मारणारा गोटू घातला. कॉलेजात गोटू म्हणजे पाप असं घोकवलं होतं. कर्नलमध्ये सफाईला तोच लागतो.

रात्रभर आकडा जागच्या जागी वर-खाली होत राहिला. पहाटे जोराचा पाऊस आला. ठिबकणाऱ्या जागेखाली ठेवलेली बादली कोरडी होती. मी ती तिथून उचलली मात्र नाही.