अर्धशिशीचं घर

आमच्या घरात अर्धशिशी आहे. नानीला होती, अम्मीला होती, आम्हा तिघी बहिणींना आहे. भाईजानलाही आहे; पण त्यांचं डोकं धरलं की घरातला टीव्ही बंद व्हायचा, पोरांना गल्लीत पिटाळलं जायचं. अम्मीचं धरलं की ती ओढणी करकचून डोक्याला बांधायची आणि भाकऱ्या थापायला बसायची. घरगुती इलाजांबद्दल लिहायचं तर हा फरक आधी सांगायला हवा.

या दुखण्याला नावं पुष्कळ. आयुर्वेदात अर्धावभेदक, युनानीत शकीका. इब्न सीनाच्या हजार वर्षांपूर्वीच्या 'अल-कानून फित्-तिब' या ग्रंथातही शकीका आहे. मायग्रेन हा शब्दसुद्धा ग्रीकमधल्या 'अर्धी कवटी'वरूनच आला. हकीम, वैद्य, डॉक्टर सगळ्यांना ते अर्धं डोकं दिसलं. आमच्या मोहल्ल्यात मात्र त्याला एकच नाव होतं – नखरे. "काम निकल्या के सर दुख्या," असं म्हणून बायकाच बायकांना हसायच्या. पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट बायकांना हा आजार होतो, पाळीच्या आगेमागे इस्ट्रोजेन उतरलं की तो उसळतो, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

सोलापूरचं ऊन ज्यांनी सोसलंय त्यांना एप्रिल-मेमधल्या दुपारी डोक्यात काय होतं ते सांगायला नको. नानी सुंठ सहाणेवर उगाळून कपाळावर लेप द्यायची. कधी थंड पाण्याची घडी, कधी नाकात तुपाचे दोन थेंब, कधी मौलवीसाहेबांनी दम केलेलं पाणी. आणि सगळ्यांचा आवडता इलाज म्हणजे दिवस उगवायच्या आत गरम दूध-जिलेबी. जिलेबीत काही जादू आहे असं आम्हाला वाटत नाही. पण रिकाम्या पोटी अर्धशिशी लवकर उठते, हे खरं. शिवाय जिलेबी आणायला नाना स्वतः जायचे आणि त्या सकाळी नानीला चुलीपुढे कोणी बसू द्यायचं नाही. गुण पाकाचा की त्या सुट्टीचा, कोण सांगणार?

सुंठीची गोष्ट थोडी वेगळी. २०१४ साली इराणमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १०० रुग्णांपैकी काहींना सुंठीची पूड आणि काहींना सुमाट्रिप्टान हे औषध दिलं होतं. दोन तासांनंतरचा आराम जवळपास सारखाच निघाला. अभ्यास लहान आहे, त्यावर इमारत बांधू नये. पण ती सुंठ पोटात घेतलेली होती, कपाळावर लावलेली नव्हे, एवढं नानीला सांगायला आवडलं असतं. ओढणी आवळल्यानं आणि थंड घडीनं बऱ्याच जणींना तेवढ्यापुरतं बरं वाटतं. बिब्बा मात्र कपाळाच्या जवळ आणू नये. कातडी भाजते, फोड येतात.

चहाचं दुखणं दुहेरी. एक कप कडक चहा ठणका कमी करतो. पण ज्यांना दिवसाला पाच कप लागतात त्यांचा चहा एकदम तुटला की डोकं उठतं. रमजानच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत घरोघरी हे दिसतं. त्यात अपुरी झोप, पाणी नाही, पोट रिकामं. २०१८ साली रमजान ऐन मे-जूनमध्ये आला तेव्हा आमची धाकटी दुपारी उलट्या करून पडायची आणि सासरी म्हणत, "रोजा लग रहा है, असरपर्यंत उतरेल." हा ठणका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत राहू शकतो, तो असरची वाट बघत नाही. आजारी माणसानं राहिलेले रोजे नंतर पुरे करावेत, ही सवलत सूरह बकरामध्ये स्पष्ट आहे. अल्लाहनं दिलेली ही सवलत स्वयंपाकघरापर्यंत पोचायलाच फार वेळ लागतो. ज्यांना रोजा ठेवायचाच आहे त्यांनी आठवडाभर आधीपासून चहा कमी करत आणावा, सेहरी चुकवू नये, आणि रोजच्या गोळ्या असतील तर वेळा डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात.

गोळ्यांबद्दल थोडं कडक बोलावं लागेल. मेडिकलच्या दुकानातून पाकीट आणून रोज एक गिळणाऱ्या बायका प्रत्येक गल्लीत आहेत. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, किंवा दोन-तीन औषधं मिसळलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर गोळीच डोकेदुखी आणू लागते. मग बाई आणखी गोळ्या घेते. याऐवजी दुखणं वारंवार येऊ नये म्हणून प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधं असतात. दमा असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावं, कारण दमेकऱ्याला हे औषध चालत नाही. डोळ्यांपुढे चमकत्या रेषा येऊन मग डोकं दुखत असेल, तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळाव्यात. त्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. आणि क्षणात कधी नव्हे इतकं भयंकर डोकं दुखलं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा तापात मान ताठली तर लेप, दम, जिलेबी सगळं बाजूला ठेवून थेट दवाखाना.

थोरलीच्या घरी आता मागच्या खोलीला जाड पडदा लावलाय. ती आत गेली की दुल्हाभाई स्वतः भाकरी बाजारातून आणतात, कुरकुरत का होईना. त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलीलाही यंदा सुरू झालं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुखण्याच्या दिवशी लाल फुली मारते आणि शेजारी बारीक अक्षरात कारण लिहिते – जागरण, ऊन, पाळी, उपाशी शाळेत. डॉक्टरांनी ते कॅलेंडर बराच वेळ वाचलं. ईदच्या तारखेवरही एक फुली आहे. पुढं लिहिलंय, 'अब्बूंचं अत्तर.'