परळचा रविवार आणि एक हिब्रू शब्द

लालबागहून परळकडे येताना भारतमाता चित्रपटगृहाजवळ इंडिया युनायटेड मिल क्रमांक 1 चे आवार लागते. या गिरणीचे मूळ नाव जेकब ससून मिल. ससून घराणे बगदादहून मुंबईत आलेले, व्यापारात मुरलेले यहुदी घराणे होते. त्यांच्या प्रार्थनेची भाषा हिब्रू. त्या भाषेतील ‘शब्बात’ हा शब्द यहुदी घरात दर आठवड्याला उच्चारला जातो.

शब्बात म्हणजे शनिवार. हिब्रूत इतर वारांना केवळ क्रमांक आहेत, पहिला दिवस, दुसरा दिवस असे. स्वतःचे नाव आहे ते एकट्या शनिवारला. शुक्रवारी सूर्यास्ताला तो लागतो आणि लोक एकमेकांना ‘शब्बात शालोम’ म्हणतात. शब्दाच्या मुळातील धातूचा अर्थ मात्र विश्रांती नव्हे, ‘थांबणे’ असा आहे. त्या दिवशी अग्नी पेटवायचा नाही, व्यापार करायचा नाही. मूळ आज्ञेत घरधन्याबरोबर नोकर आणि गुरेढोरेही येतात. पर्युषणात पेढी बंद ठेवणाऱ्या घरांना यात अपरिचित असे काही वाटू नये.

आपल्या कोकणात हा शब्द घाण्याच्या रूपाने नांदला. अलिबागकडचे बेने इस्राएल तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. हिब्रू शब्द गावाला ठाऊक नव्हता. बैल उभा आहे एवढे दिसत होते, आणि तेवढ्यावरून लोकांनी अचूक नाव ठेवले.

परळच्या गिरण्यांतील माणसाला हे थांबणे सहज मिळाले नाही. सप्टेंबर 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा भरवली. सुमारे 5,500 सह्यांच्या अर्जात पहिली मागणी आठवड्याच्या सुटीची होती. शब्बातची कल्पना ख्रिस्ती जगात रविवारावर सरकली होती, त्यामुळे सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत. कामगारांनी मागितला तोही रविवारच, जो खंडोबाचा वार. गिरणीमालकांच्या संघटनेने तो 10 जून 1890 रोजी मान्य केला. मधली जवळजवळ सहा वर्षे अर्ज आणि सभा यांतच गेली. आज रविवारी उशिरा उठणाऱ्याला त्या सभांची आठवण नसते, हे खरे.

त्याच धातूपासून हिब्रूत आणखी एक रोजचा शब्द झाला आहे: ‘श्विता’. त्याचा अर्थ संप. घाण्याचा बैल सोडणे आणि कामगाराने माग सोडून बाहेर पडणे, या दोन्ही गोष्टी त्या भाषेला एकाच कुळातील वाटल्या. गिरणगावाने हा दुसरा अर्थही पुरेपूर भोगला. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे 2.5 लाख कामगार संपावर गेले. अनेक गिरण्यांचे भोंगे त्यानंतर पुन्हा पूर्वीसारखे वाजले नाहीत. कित्येक कुटुंबे गावाकडे परतली. तो संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही.