टाळूतून घेतलेली पट्टी

“दात लांब दिसायला लागलाय” अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचा दात वाढलेला नसतो, हिरडी मागे हटलेली असते. मुळावर इनॅमल नसतं, त्यामुळे गार पाण्याचा घोटही सणकन लागतो. कोणी कडक ब्रश आडवा रगडलेला असतो, कोणी वर्षानुवर्षं मिश्री लावलेली असते, आणि काहींची हिरडी मुळातच पातळ असते.

हे मूळ झाकायला आज तयार ग्राफ्ट, म्हणजे हिरडीवर लावायच्या पट्ट्या, डबीतून मिळतात. तरीही माझा पहिला हात पेशंटच्या टाळूकडेच जातो. १९८५ साली लँगर दांपत्याने वरची त्वचा जागेवर ठेवून आतली ऊती काढायची पद्धत मांडली, तीच मला अजून सर्वांत भरवशाची वाटते. उपदाढांच्या आतल्या बाजूने जेमतेम दीड मिलिमीटर जाडीची पट्टी काढायची. फार खोल गेलं तर टाळूची धमनी तिथेच असते. पट्टीला चिकटलेली पिवळी चरबी कात्रीने अलगद छाटायची, नाहीतर रक्तद्रव आत झिरपत नाही. उघड्या मुळाकडून या पट्टीला काहीच मिळत नाही. पहिले दोन-तीन दिवस ती आजूबाजूच्या हिरडीतून पाझरणाऱ्या द्रवावर तगते, मग तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात. तेवढ्यात ती हलली की गेलीच. म्हणून टाके घालताना मी घाई करत नाही.

चार-पाच दातांची मुळं उघडी असतील किंवा टाळूच पातळ असेल, तर बाहेरचं साहित्य लागतं: दान केलेल्या मानवी त्वचेतून पेशी काढून बनवलेलं, किंवा डुकराच्या कोलॅजनचं. ते कशापासून बनलंय, हे मी आधीच सांगतो. काहींना औषध म्हणून ते चालतं. काही म्हणतात, “दुखलं तरी चालेल, माझंच घ्या.” हे विचारल्याशिवाय डबी उघडणं मला पटत नाही. पेशंटच्याच रक्तातून काढलेल्या पीआरएफच्या (प्लेटलेट-रिच फायब्रिनच्या) पडद्याने जखम लवकर भरायला मदत होते. पण तो थोड्याच दिवसांत विरघळतो, त्यामुळे हिरडी जाड करायची असेल तिथे मी त्याच्यावर विसंबत नाही.

दोन दातांमधलं हाड झिजलेलं असेल, तर कुठल्याच ग्राफ्टने मूळ पूर्ण झाकलं जात नाही. खर्चाचा आकडा सांगण्याआधी हे सांगायला हवं.

पेशंट घरी जाताना दोन गोष्टी पुन्हा पुन्हा बजावतो: पंधरा दिवस तिथे ब्रश नाही, आणि ओठ ओढून आरशात बघायचं नाही. घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी दाखवायचं नाही.