मसाविची चावी

नांदेडहून लातूरकडे निघालेल्या एसटीत गणिताचे एक शिक्षक वहीत दोन संख्या मांडून बसतात: ८६३३ आणि ९९९१. लोहा मागे पडेपर्यंत ते अवयव पाडायला बघतात. ७ ने, ११ ने, १३ ने. भाग काही जात नाही.

मग अवयवांचा नाद सोडून ते मसावि काढतात. मोठीतून लहान गेली, उरले १३५८. त्याने ८६३३ ला भागलं, बाकी ४८५. पुढे ३८८, पुढे ९७, आणि ९७ ने ३८८ ला पूर्ण भाग जातो. अहमदपूर यायच्या आत दोन्ही संख्या फुटलेल्या: ८९ गुणिले ९७, ९७ गुणिले १०३.

लातूरच्या वर्गात हेच फळ्यावर मांडलं, की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "सर, अवयव तर पाडलेच न्हाईत की!"

त्याच वाक्यासाठी ते इतक्या लांब येतात.

कारण संदेश गुप्त ठेवणाऱ्या १९७७ च्या आरएसए या सांकेतिक कुलपाचा सगळा भरवसा अवयव पाडण्याच्या कष्टावर आहे. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार म्हणजे जगजाहीर चावी, त्या दोघी मात्र गुपित. त्याच वर्षी आव्हान म्हणून दिलेली १२९ अंकी संख्या १९९४ मध्ये फुटली. त्यासाठी सुमारे ६०० स्वयंसेवकांचे संगणक आठ महिने राबले. पण २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या लाखो चाव्या गोळा करून त्यांचे एकमेकींशी मसावि काढले, तेव्हा दर हजारी सुमारे दोन चाव्या उघड्या पडल्या. राउटरसारखी उपकरणं सुरू होताच घाईने चावी बनवत होती. अनिश्चितता पुरेशी नव्हती, म्हणून वेगवेगळ्या यंत्रांनी एकच मूळ संख्या उचलली. शाळेत दोन गुणांसाठी शिकवलेला मसावि तिथे चावी ठरला.

दुसरी चूक वेगळी: एकाच चावीच्या दोन्ही मूळ संख्या एकमेकींच्या फार जवळच्या निवडणं. २०२२ मध्ये काही प्रिंटरांच्या चाव्या अशाच फुटल्या. त्या फोडण्याची युक्ती फ्रेंच गणिती फर्माच्या नावाने ओळखतात, पण नारायण पंडितांच्या १३५६ च्या 'गणितकौमुदी'त ती आहेच: संख्येत असा वर्ग मिळवा, की बेरीजही वर्गच होईल.

सर पुन्हा ९९९१ लिहितात आणि खडू खाली ठेवतात. वर्ग थोडा वेळ गप्प. मग पहिल्या बाकावरची मुलगी म्हणते, "नऊ मिळवा सर. दहा हजार होतेत."