पिवळं कार्ड आणि दुखरी दाढ

धानोऱ्याकडचा पेशंट खुर्चीत बसायच्या आधी पिशवीतून रेशनकार्ड काढतो. "पिवळं आहे डॉक्टरसाहेब, पैसे नाही ना लागणार?" आमच्यासारख्या ग्रामीण रुग्णालयात दात दाखवायला कुठलंच कार्ड लागत नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपर, तपासण्या, उपचार सगळ्यांनाच मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याची. तिथे दर आधी विचारून घ्यावा.

कार्ड उपयोगी पडतं ते महात्मा फुले जन आरोग्य योजनेत. आता पांढऱ्या कार्डवाल्यांनाही ती लागू आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. जबडा मोडला किंवा तोंडाचा कॅन्सर झाला तर ऑपरेशन योजनेत बसतं. किडलेली दाढ बसत नाही. तंबाखू-मिसरीनं गालात गाठ आली की लाखांची सोय आहे, साध्या सिमेंट भरण्याला मात्र योजनेत जागा नाही. हे मला कधीच पटलेलं नाही.

आणि मोफत उपचारालाही खर्च येतोच. परवाची एक बाई, खालची पहिली मोठी दाढ धरून बसलेली. आरशाच्या दांड्यानं हळूच टकटक केलं तर कळवळली. कीड नसेपर्यंत पोचली होती, पण मुळं घट्ट, हाड चांगलं. रूट कॅनल केलं तर दाढ वाचणार होती. त्याला दोन-तीन खेपा लागतात, वर कॅप बसवायची तर ती बहुतेक वेळा बाहेरूनच, स्वतःच्या पैशानं. रोजगार हमीची मजुरी 2025-26 मध्ये 312 रुपये. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण बुडालेला रोज कोण भरून देणार? शिवाय दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी गुजरातकडे निघणार. ती म्हणाली, "काढूनच टाका. तिकडे फडात ठणकली तर काय करू?" काढली. भूल चढल्यावर जेमतेम दहा मिनिटांचं काम.

ही दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता. म्हणून आईबापांना ती दुधाचीच वाटते, "पडेलच की" म्हणून किडू दिली जाते. तेव्हाच दाखवली तर छोटी कीड एका बैठकीत भरून होते, तीही फुकट. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत दातही येतात. 2013 साली हा कार्यक्रम आपल्याच पालघरातून सुरू झाला. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. पण ते जानेवारीत आलं तर निम्मी पोरं आईबापांबरोबर उसाच्या फडावर असतात.

नंदुरबार-नवापूर भागातले शिक्षक हे वाचत असतील तर त्यांना एवढीच विनंती: पथकाची तारीख टोळ्या निघायच्या आधीची मागून घ्या, आणि पहिली-दुसरीच्या पोरांना तोंड मोठं उघडायला लावून मागची दाढ दाखवा.